अकरा रुमाल आणि एक तक्ता: नारायण पेठेतल्या एका घराच्या कागदांचे डिजिटल दप्तर

हे प्रकरण एका घराचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि माणसांचा उल्लेख नात्यानेच केला आहे. कागद, चुका आणि निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले. मला कोडिंग येत नाही. या कामात आम्ही सहा जण होतो आणि त्यातल्या पाच जणांना ते येत नव्हते. तरीही आज हे दप्तर, म्हणजे घराच्या जुन्या कागदांचा हा संग्रह, घरबसल्या पाहता येते, शोधता येते, आणि घरातली कुणीही व्यक्ती त्यात नवी नोंद घालू शकते. असे काम अंगावर घ्यायचे की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, दोन चौकांचा वाडा होता. घराणे पेशवाईच्या उत्तरार्धात सावकारी करणारे, इंग्रजी अमलात वकिली आणि शिक्षकी पेशात गेलेले. वाडा विकसनाला दिला गेला आणि गुढीपाडव्यानंतर जागा रिकामी करून द्यायची असे ठरले. दिवाळीच्या सुमारास माळा आवरताना दोन पत्र्याच्या पेट्या खाली आल्या. त्यांत अकरा रुमाल निघाले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. पुण्यात पेशवे दप्तरातही कागद असेच रुमालांत बांधलेले असतात.

पहिला रुमाल सोडला तो दिवस लख्ख आठवतो. विटलेले तांबडे कापड, आत वेखंडाची पुरचुंडी, तिचा वास अजून टिकून होता. वरचा कागद उचलला तर चादरीवर बारीक वाळू सांडली. बोरूने लिहिल्यावर शाई टिपायला टाकलेली ती वाळू. अडीचशे वर्षे ती अक्षरांना चिकटून बसली होती. कागद कर्जरोख्याचा होता, आणि आप्पांनी चष्मा सरसावून त्यावरचे साल वाचले, 'सुमा खमस सबैन मया व अलफ'. आप्पा घरातले सर्वांत वडील, ८२ वर्षांचे, आणि घरात मोडी, म्हणजे मराठीची जुनी जलद लिपी, वाचणारे एकटेच.

बाकीच्या रुमालांत रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), खतावण्या, मोडीतली आणि बाळबोधीतली (म्हणजे देवनागरीतली) पत्रे, लग्नाच्या याद्या, शाळेच्या फीच्या पावत्या, भाडेपावत्या आणि काही फोटो होते. १८९७ च्या प्लेगात वाडा बंद करून घरची माणसे गावाबाहेर झोपड्यांत राहिली, त्या दिवसांतली पत्रेही होती.

एक रुमाल मात्र उघडेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा वाड्यात पाणी शिरले होते. त्या वेळी तळमजल्यावर असलेले कागद चिखलात गेले, आणि घरच्यांनी ते गच्चीत कडक उन्हात वाळवले. त्या धांदलीत दुसरे काय सुचणार होते? नऊ नंबरच्या रुमालातले कागद त्या उन्हाने एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले आहेत.

अडचण

वेळ कमी होता, ही सर्वांना दिसणारी अडचण. खरी अडचण भाऊबंदांची होती. घराण्याच्या चार शाखा. पुणे, सांगली, नागपूर आणि एक अमेरिकेत. मूळ कागद कुणाकडे जाणार यावर आधीच कुजबुज सुरू झाली होती. त्यात वाड्याच्या एका खोलीवरून जुना दावा चालू होता, त्यामुळे 'कागद नेटवर टाकले तर कोर्टात कुणी वापरेल' ही भीती.

शिवाय आप्पांनंतर हे वाचणार कोण, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नव्हते.

घरात एक जुनी यादीही होती. वीसेक वर्षांपूर्वी एका काकांनी मोठ्या चिकाटीने ती संगणकावर टाइप केली होती. फाइल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. यादी युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षरे सारखीच दिसावीत यासाठीची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टात होती आणि तो फॉन्ट आता कुणाकडेच नव्हता. फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून निम्मी यादी वाचता आली, निम्मी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करावी लागली. पुढचे बरेच निर्णय या फाइलमुळे घेतले गेले, म्हणून तिचा उल्लेख करते. काकांनी श्रम कमी केले नव्हते. ज्या साच्यात ते साठवले तो साचा टिकला नाही.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे फोटो काढायचे, पीडीएफ करायच्या, एका सामायिक ड्राइव्हवर टाकायच्या आणि घराच्या ग्रुपवर दुवा पाठवायचा. सांगलीच्या शाखेला हे पुरेसे वाटत होते. माझा याला विरोध होता. तीन हजार फोटोंच्या ढिगात पणजोबांचे एक पत्र शोधायचे असेल, तर ढीग माळ्यावर असला काय आणि ड्राइव्हवर असला काय, सारखेच.

दुसरा पर्याय हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याचा. कोडिंग येणारा तो एकटाच. 'मी दोन महिन्यांत आपल्याला हवी तशी साइट बांधून देतो' असे तो मनापासून म्हणाला. मुलगा गुणी आहे, आणि त्याने बांधलेली साइट देखणीच झाली असती. सूनबाई, म्हणजे ज्यांनी हे सगळे काम पुढे ओढून नेले त्या, शांतपणे म्हणाल्या, 'तू परदेशात गेलास आणि साइट बंद पडली, तर आम्ही कुणाला विचारायचं?' त्यावर पुतण्यानेच आपला प्रस्ताव मागे घेतला. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. एकाच माणसाला समजणारी व्यवस्था घराण्याच्या कागदांना चालत नाही. मोडी वाचणाऱ्या एकट्या आप्पांमुळे आम्ही तो धडा आधीच शिकत होतो.

तिसरा पर्याय इंटरनेट आर्काइव्ह किंवा विकिमीडिया कॉमन्स या सर्वांना खुल्या ऑनलाइन संग्रहांचा. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत आणि कोडिंग लागत नाही. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून चालू आहे, कॉमन्स २००४ पासून. छापील पुस्तके, हक्क संपलेले फोटो यांना ही घरे उत्तम. पण कॉमन्सवर टाकलेली गोष्ट कुणालाही, कशासाठीही वापरता येईल अशा परवान्याखाली द्यावी लागते, आणि तिथे 'हे पत्र फक्त घरच्यांना दिसू दे' असे म्हणता येत नाही. आमच्या दप्तरात तशी पत्रे होती.

चौथा ओमेका. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या रॉय रोझेनझ्वाइग केंद्राने २००८ साली संग्रहालये, ग्रंथालये आणि अभ्यासकांना आपले संग्रह वेबसाइटवर मांडता यावेत म्हणून हे सॉफ्टवेअर काढले, आणि ते मुक्त आहे. त्याचे दोन प्रकार आहेत, क्लासिक आणि एस. दोन्हीला पीएचपी आणि मायएसक्यूएल (साइट चालवणारी नेहमीची सॉफ्टवेअरे) असलेली साधी होस्टिंग जागा, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा, लागते; बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे ते एका बटणावर बसवून मिळते. पुढचे सगळे काम फॉर्म भरण्यासारखे. आमचा कौल 'एस'कडे गेला तो एका कारणाने. त्यात वस्तूची नोंद सर्वांना दाखवून तिची प्रतिमा मात्र झाकून ठेवता येते. नोंदीतला एखादाच रकानाही झाकता येतो. हे किती उपयोगी पडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

मूळ कागद एखाद्या संस्थेला द्यावेत हा पर्यायही चर्चेत होता. पुण्यात त्याला तोटा नाही. १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ तर हाकेच्या अंतरावर. पण डिजिटल प्रत आधी आणि मूळ कागदांचा निर्णय नंतर, असे ठरले. भाऊबंदांचे रुसवे पाहता तेच शक्य होते.

काय केले: आधी फोटो, आणि पहिली चूक

पहिल्या आठवड्यात घाई नडली. दोन तरुण मुलांनी मोबाइलवरच्या स्कॅनिंग अॅपने तीनशेच्या आसपास कागद टिपले. फोटो पांढरेशुभ्र, कडा कापलेल्या, वाचायला छान. आप्पांनी पाहिले आणि विचारले, 'यातला रुजूचा शेरा कुठे गेला?' दप्तरात कागद तपासला की कोपऱ्यात फिकट शाईने शेरा करत. अॅपने कागद उजळ करताना तो पुसून टाकला होता आणि समासातली अक्षरे कडेबरोबर कापली होती. कागदाच्या पाठीवरच्या नोंदी तर कुणी टिपल्याच नव्हत्या. सगळे तीनशे पुन्हा काढावे लागले.

मग एक कॅमेरा आणि वरून खाली बघणारा स्टँड भाड्याने आणला. दोन दिवे दोन बाजूंनी, साधारण ४५ अंशांत. खाली काळे कापड, शेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी. खिडकीचा पडदा लावलेला, कारण दुपारी ऊन सरकले की कागदाचा रंग बदलतो. फ्लॅटबेड स्कॅनर वापरला नाही. बांधलेली बही त्यावर पालथी दाबली की शिवण सुटते. एकाखाली एक चिकटवलेले लांब बंद होते, ते तुकड्यातुकड्याने, प्रत्येक वेळी थोडा आधीचा भाग पुन्हा घेत टिपले.

साठवणीचा हिशेब आधी करावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून एक फोटो टिफ म्हणून, म्हणजे काहीही तपशील न गाळता, ठेवला, तर तो साधारण ७२ एमबी होतो. तीन हजार फोटो म्हणजे सव्वादोनशे जीबीच्या घरात. म्हणून टिफ दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन हार्ड डिस्कवर आणि एक प्रत क्लाउडवर ठेवली, आणि साइटवर फक्त जेपेग, म्हणजे त्याच फोटोंच्या हलक्या प्रती, चढवले.

काय केले: तक्ता

या कामाचा आत्मा ओमेकात नव्हता, एका तक्त्यात होता. ओमेका शेवटच्या तीन आठवड्यांत आले. त्याआधीचे चार महिने एका सामायिक स्प्रेडशीटवर गेले. एक कागद, एक ओळ. कोडिंग न करता डिजिटल दप्तर कसे करायचे असे कुणी विचारले की मी आता हा तक्ताच दाखवते.

रकान्यांसाठी डब्लिन कोअर घेतले. १९९५ साली अमेरिकेतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून तयार झालेली ही १५ घटकांची साधी चौकट आहे: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, तारीख, भाषा, हक्क वगैरे. ती घेतली म्हणजे उद्या ओमेका सोडले तरी तक्ता दुसरीकडे नेता येतो. काकांच्या फॉन्टाची आठवण सगळ्यांना ताजी होती.

क्रमांकांवरून दुसरी चूक झाली. आम्ही रुमाल आणि कागद यांमध्ये तिरकी रेघ देत होतो. तिसऱ्या रुमालातला अकरावा कागद म्हणजे ३/११. एके दिवशी सूनबाईंनी तक्ता उघडला तर तिथे '३ नोव्हेंबर' लिहिलेले. स्प्रेडशीटने आपणहून त्याची तारीख केली होती. जिथे कागदाचा आकडा बारापर्यंत होता तिथे असे झाले. कुठला क्रमांक खरा आणि कुठला बदललेला, हे फोटोंवरून एकेक करून जुळवण्यात चार दिवस गेले. त्यानंतर सगळे रकाने आधी 'साधा मजकूर' असे ठरवून घेतले, आणि क्रमांक शून्य लावून, आडव्या रेघेने: ०३-०११. फोटोच्या फाइलचे नावही तेच, पुढे बाजू दाखवणारा आकडा. फाइलच्या नावांत मराठी अक्षरे आणि मोकळ्या जागा टाळल्या. एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना त्या त्रास देतात.

तारखांचा प्रश्न त्याहून खोल होता. १९०० च्या आधीची तारीख कित्येक स्प्रेडशीटला तारीख म्हणून कळतच नाही, आणि आमचे निम्मे दप्तर त्याआधीचे. शिवाय कागदावर इसवी सन नसतोच. शक असतो, फसली असतो, अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन असतो, अशा वेगवेगळ्या जुन्या कालगणना. वर सांगितलेला कर्जरोखा घ्या. खमस म्हणजे ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. मिळून सुहूर ११७५. एका मुलाने नेटवर वाचून सरसकट ६०० मिळवायचे असा नियम लावला, आणि पन्नासेक कागदांपैकी बरेच एक वर्ष पुढे गेले. सुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महिना वाचता येत नसेल तर एकच वर्ष ठोकून न देता '१७७४-७५' असे लिहायचे.

शेवटी तारखेला चार रकाने दिले: कागदावर जशी आहे तशी, कुठली कालगणना, इसवी सनात काय, आणि आपली खात्री किती. चौथ्या रकान्यावर पहिल्यांदा कुरकुर झाली. 'खात्री नाही' असे लिहायला माणसे बिचकतात. पण पुढे येणाऱ्या वाचकाला सर्वांत जास्त उपयोग त्याच रकान्याचा होणार आहे.

नावांचेही तसेच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, आणि लिहिणारा 'सदासिव' लिहितो तसा 'सदाशिव'ही. आप्पा वाचतील तसे एका रकान्यात लिहायचे आणि शेजारी आजच्या प्रमाण रूपात नाव द्यायचे, असे ठरले. आप्पांना दुसरा रकाना आवडला नव्हता. मूळ लिहिणाऱ्याचे शुद्धलेखन आपण कोण सुधारणार, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या रकान्याला कुणीही हात लावणार नाही, असे वचन दिल्यावर ते राजी झाले. लिप्यंतर देवनागरीत केले. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी मोडीत टाइप करून शोधणारा माणूस आम्हाला आमच्या वाचकांत दिसला नाही.

आप्पांच्या वाचनाची रीत अशी बसली: सकाळी नऊ ते साडेदहा, मोठ्या पडद्यावर फोटो, आप्पा वाचणार, एक मुलगी टाइप करणार, फोन रेकॉर्डिंगवर. अक्षर अडले की आप्पा गप्प बसत आणि बोटाने हवेत ते गिरवून बघत. बऱ्याचदा हाताला आठवे.

काय दाखवायचे, काय झाकायचे

सगळ्यांत जास्त बैठका यावर झाल्या, आणि योग्यच झाल्या.

वकिलांच्या सल्ल्याने दाव्याशी संबंध असलेले कागद आणि भाडेपावत्या साइटच्या बाहेर ठेवल्या. भाडेकरूंची कुटुंबे आजही पेठेतच आहेत. मग घरच्यांनी स्वतःचा एक नियम केला: गेल्या शंभर वर्षांतली खासगी पत्रे प्रतिमेसह दाखवायची नाहीत, फक्त नोंद.

हक्कांबाबत मला जे समजले ते सर्वांना सांगितले. पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मागे वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र पहिल्या प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणजे 'जुने आहे, तेव्हा मोकळे आहे' असे धरून चालता येत नाही. घरच्यांनी लिहिलेल्या पत्रांना चारही शाखांची लेखी संमती घेतली. बाहेरच्यांनी लिहिलेल्या पत्रांच्या प्रतिमा, वारस सापडेपर्यंत, झाकून ठेवल्या.

अमेरिकेच्या शाखेतल्या दुसऱ्या एका पुतण्याला आठवण म्हणून दोन-तीन मूळ पत्रे न्यायची होती. त्याची भावना समजण्यासारखी होती. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचे, किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित पुरावशेषात मोडते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. त्याला आम्ही उत्तम प्रतीचे छापील फोटो करून दिले.

आणि मग सहाव्या रुमालातले ते पत्र. १९०३ साली, वाईहून, घरातल्या एका विधवा आक्कांनी भावाला लिहिलेले. बाळबोध लिपीत, ओळी वाकड्या, जोडाक्षरे फोडून लिहिलेली. म्हणजे कुणाकडून लिहवून न घेता स्वतः लिहिले होते. सासरी होणारे हाल, आणि चोळीबांगडीपुरते दरमहा काही पाठवावे ही विनवणी. आप्पा वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, 'हे नको.' त्या भावाचे ते नातू. आपल्या आजोबांनी बहिणीला टाकले होते हे जगाला कशाला दाखवायचे, असे त्यांना वाटले. सूनबाई आणि मी उलट बाजूला. त्या काळच्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेले संपूर्ण दप्तरातले हे एकच पत्र होते. ते झाकले तर दप्तरात बायका उरतात फक्त लग्नाच्या याद्यांत.

शंभर वर्षांचा नियम लावला असता तर पत्र दाखवता आले असते. आम्ही नियम पुढे केला नाही. ज्यांच्या डोळ्यांवर सगळे काम उभे होते, त्यांना नियम दाखवून गप्प करणे बरे वाटले नाही. नोंद उघडी ठेवली, प्रतिमा आणि लिप्यंतर झाकले. ओमेका एस घेतल्याचा उपयोग तेव्हा कळला.

ओमेकात चढवणे

तक्ता सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून ओमेकाच्या आयात सुविधेने चढवायचा आणि कुठला रकाना डब्लिन कोअरच्या कुठल्या घटकात जातो ते यादीतून निवडायचे, एवढेच काम. आधी वीस ओळींवर करून पाहिले आणि बरे झाले: सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे आली, कारण फाइल जतन करताना यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड अक्षरे साठवायची रीत, निवडले नव्हते. केलेली आयात परत काढून टाकायची सोय तिथेच आहे. दुसऱ्या खेपेला एका कागदातल्या तीन व्यक्तींचे एकच लांब नाव झाले; नावांमध्ये उभी रेघ घालून ते सुटले. प्रत्येक रुमालाचा एक संच केला. तिसऱ्या आठवड्यात साइट घरच्यांसाठी उघडली.

निष्पत्ती

वाडा पाडव्यानंतर रिकामा झाला. दहा रुमालांतले कागद टिपलेले, नोंदलेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक कागदांचे लिप्यंतर झालेले. नऊ नंबरचा रुमाल उघडायचा मोह खूपदा झाला. कुणी वाफेचा, कुणी इस्त्रीचा उपाय सुचवला. आम्ही त्याला हात लावला नाही. तो तसाच आम्लरहित कागदात गुंडाळून कागद-संवर्धकाकडे दिला आहे.

साइट उघडल्यावर काही महिन्यांनी नागपूरच्या शाखेतल्या एका मुलीने प्रमाण नावाच्या रकान्यात 'आक्का' शोधले. सहाव्या रुमालातल्या झाकलेल्या पत्राची नोंद आली, आणि तिच्याखाली दुसऱ्या रुमालातल्या रोजकीर्दीच्या नोंदी. तिने आप्पांना फोन केला. आप्पांनी रोजकीर्दीची ती पाने पडद्यावर मोठी करून लावायला सांगितली. पत्राच्या पुढच्याच महिन्यापासून आक्कांच्या नावे मनीऑर्डर, पाच रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा. बही संपेपर्यंत एकही महिना चुकलेला नाही.

ती पाने आप्पांनी स्वतः त्या सकाळी नऊच्या बैठकीत वाचली होती, मुलीने टाइपही केली होती. पण ती मार्चमध्ये, आणि पत्र डिसेंबरात. मधल्या शेकडो कागदांत दोन्ही एकमेकांजवळ कुणाच्याच मनात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पत्र उघडे करायला सांगितले, आणि रोजकीर्दीची पाने त्याला जोडून दाखवा, असेही.

आज करायचे असते तर

रुमाल सोडण्याआधी तो जसा आहे तसा टिपला असता. आमच्याकडून सगळ्यात मोठी हानी पहिल्या दोन दिवसांत झाली, तीही आवरण्याच्या चांगल्या हेतूने. घरातल्या काकूंनी पत्रे एकीकडे, हिशेब एकीकडे, पावत्या एकीकडे असे ढीग केले, आणि मी, ग्रंथालयात आयुष्य घालवलेली, ते बघत होते. पुस्तके विषयवार लावायची सवय मला होती. दप्तर तसे लावायचे नसते. कुठला कागद कशाबरोबर बांधला होता, हीसुद्धा एक नोंद असते. काही कागद तर सुईने दोऱ्यात ओवलेले होते आणि तो दोरा आम्ही कापला. आक्कांचे पत्र त्या रोजकीर्दीच्या बहीबरोबर ओवलेले होते का, हे आता कधीच कळणार नाही. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक भोक आहे. बहीच्या पुठ्ठ्यालाही आहे.

शिवाय आप्पांजवळ बसवून दोघा-तिघांना पहिल्या दिवसापासून मोडी शिकवली असती. आम्ही त्यांच्याकडून वाचून घेतले, शिकून घेतले नाही. आता टाइप करणारी ती मुलगी मोडीच्या वर्गाला जाते, आणि अडलेल्या अक्षरांची यादी घेऊन रविवारी आप्पांकडे येते. खात्रीच्या रकान्यात 'नाही' लिहिलेल्या ओळींपासून तिने सुरुवात केली आहे.